बारा ड्रोनचं जहाज

मास्तर दात करतात. करत होते, असं लिहायला हवं. तिथपर्यंत येतोच.

दंतवैद्य आपल्या तोंडाचं माप घेतो आणि एका छोट्या डब्यात घालून लॅबमध्ये पाठवतो. तिथे कोणीतरी बसून आपला दात घडवतं. आपण त्या माणसाला कधी बघत नाही. मास्तर बावीस वर्षं त्या लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर बसत. सिरॅमिकची पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशनं एकेक थर चढवायचा, भट्टीत घालायचा, बाहेर काढून पुन्हा थर. समोरचे वरचे सहा दात सगळ्यात अवघड. हसताना तेच दिसतात. ते सहा दात मास्तरांशिवाय कोणाकडे जात नसत.

वय पन्नास. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. मला पहिल्यांदा म्हणाले, ‘तुझा डावा सुळा जरा पिवळा आहे. तसाच राहू दे. सगळे सारखे असले की लोकांना कळतं.’

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. साहित्यात एमए केलंय. पोटासाठी औषधांच्या खोक्यांत जी माहितीपत्रकं असतात त्यांची मुद्रितं तपासतो. रविवारी अंतराळातल्या लढाईचा एक ऑनलाइन गेम खेळतो. मास्तरांची ओळख त्यातूनच झाली. एका रविवारी दुपारी मी हरलो आणि खुर्चीवरून ओरडलो. दोन मिनिटांत दार वाजलं. खालचे गृहस्थ उभे होते.

‘निळं जहाज तुझं का?’

‘हो. का?’

‘तुला मीच मारलं. मी ड्रोन सोडले की वर कोणीतरी बोंबलतं. तीन वेळा सोडून पाहिले.’

मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. तेव्हाच त्यांनी सुळा पाहिला.

त्या दिवसापासून मी त्यांच्या गटात. गटाचं नाव ‘दुपारची पाळी’. रविवारी दुपारी दोनला जमायचं, पाचला उठायचं. चौदा-पंधरा माणसं. आम्ही दोघं सोडले तर कोणी कोणाला पाहिलेलं नाही, फक्त आवाज. प्रमुखाला सगळे कप्तान म्हणत. तो विमा कचेरीत कारकून होता आणि आठवडाभर गप्प बसल्याचं उट्टं रविवारी काढायचा. मला एमए म्हणत. ‘एमए, तू बोलतोस छान, मारतोस घाण,’ हे मी दर रविवारी ऐकायचो. मास्तरांनाही सोडत नसत. ‘मास्तर, जहाज वळवताय की पलंग सरकवताय?’ मास्तर शांतपणे म्हणायचे, ‘पलंग. पाय धर.’

त्यांचं जहाज खरंच पलंगासारखं होतं. त्याला कॅरिअर म्हणतात. स्वतः तोफ डागत नाही. पोटात ड्रोन असतात, ते सोडायचे, कोणावर जायचं ते सांगायचं, काम झालं की परत बोलवायचे. आधीचं जुनं कॅरिअर बदलून त्यांनी ते घेतलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. तीन प्रकार होते. एक वेगवान, सहा ड्रोनचं. एक अवाढव्य, चाळीस ड्रोनचं. त्याला सगळे भुलायचे. आणि एक मधलं, बारा ड्रोनचं, वळायला मंद, दिसायला ओबडधोबड. मास्तर तीन दिवस विचार करत होते. मग त्यांनी मधलं घेतलं.

‘अहो, हे कोणीच घेत नाही,’ मी म्हणालो.

‘याचे ड्रोन हुकूम थांबले तरी आपले आपण परत येतात. बाकीच्यांचे येत नाहीत. तिथंच फिरत राहतात.’

‘पण हुकूम का थांबतील?’

‘थांबतात कधीकधी,’ ते म्हणाले.

मला ते म्हातारपणाचं लक्षण वाटलं. तसं मी त्यांना बोललोही. ते हसले.

कारण मला चार महिन्यांनी कळलं. काकू बाहेर गेल्या होत्या. मास्तरांनी स्वतः चहा केला. कप-बशी घेऊन ते स्वयंपाकघरातून येत होते आणि कप बशीवर वाजत होता. बारीक, भराभर. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

‘ऐकलंस?’

‘काय?’

‘बशी.’

मी बशीकडे पाहिलं.

‘सकाळी नऊ ते अकरा हात माझा असतो,’ ते म्हणाले. ‘नंतर तो त्याच्या मर्जीनं चालतो. वाढत जाणार आहे म्हणतात. हळूहळू वाढेल, पण वाढेल.’

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. समोरचे सहा दात ते अकराच्या आत उरकतात. दुपारी घासायची, तपासायची कामं घेतात. लॅबमध्ये कोणाला पत्ता नाही. गेममध्येही म्हणूनच कॅरिअर. छोटं जहाज चालवायचं तर अर्ध्या सेकंदाला माउस हलवावा लागतो, आणि तोही नेमका. कॅरिअरला मिनिटाला चार क्लिक पुरतात. एखादी चुकली तरी ड्रोन घरी येतात.

‘लॅबच्या बाईंना मी सांगणारच आहे,’ ते म्हणाले. बाई म्हणजे लॅबच्या मालकीणबाई. ‘बावीस वर्षं त्यांच्याकडे आहे. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. पण नुसतं जाऊन हात दाखवायचा नाही मला. आमच्याकडे धातूकामाला एक ताई आहे. तिला शिकवतोय. समोरचे सहा तिला जमले की मी बाईंकडे जाणार आणि म्हणणार, बाई, माझा हात गेला, हा घ्या दुसरा. तयार करून आणलाय.’

‘किती दिवस लागतील?’

‘दोन-अडीच महिने. पोरगी हुशार आहे, घाई फार करते.’

‘मला का सांगितलंत?’

‘तू विचारलं नाहीस म्हणून.’

मी कोणाला सांगणार नाही, असं मी म्हणालो नाही. म्हणायची गरज वाटली नाही. त्यांनाही वाटली नसावी.

पुढच्या आठवड्यात ते मला जिन्यात भेटले. मी वर चाललो होतो, कानात फोन होता, माहितीपत्रकवाल्यांशी बोलत होतो. मास्तर म्हणाले, ‘आमच्या ताईला पण गटात आणलंय. ठिणगी नावानं. बारा ड्रोन सांभाळायला लागले की घाई आपोआप कमी होईल. बोलत नाही ती, नुसती ऐकते.’ मी मान हलवली. मान हलवल्याचं मला आठवतं. ऐकल्याचं आठवत नाही.

आता त्या रविवारचं.

आमचा एक चंद्र होता, खाणीचा. शेजारच्या एका गटानं तो घेतला होता. आम्ही तीन रविवार तो परत घ्यायला जात होतो आणि मार खाऊन येत होतो. आमची पद्धत ठरलेली. मास्तरांचं जहाज खडकांच्या पट्ट्यामागे उभं राहायचं, आम्ही पुढे जाऊन शत्रूला खेचून आणायचं, तो टप्प्यात आला की मास्तर ड्रोन सोडायचे. शत्रूला हे पाठ झालं होतं. ते आमच्याकडे बघतच नव्हते. सरळ वळसा घालून मास्तरांवर जायचे आणि आम्ही सगळं सोडून त्यांना वाचवायला मागे पळायचो.

कप्तान म्हणाला, ‘आजपासून कॅरिअर बंद. चौदा छोटी जहाजं, दोन-दोनच्या जोड्या. मागे राखायला काहीच नको. मास्तर, तुम्हाला एक छोटं जहाज काढून ठेवलंय.’

त्याचं बरोबर होतं. आज मला हे लिहिता येतं. डावपेच म्हणून त्याचं अगदी बरोबर होतं.

मास्तर म्हणाले, ‘मी आज नुसता बघतो मग.’

‘बघतो काय? तेरा झाले तर जोडी फुटते.’

‘मला कॅरिअरच जमतं.’

‘अहो शिकवतो ना मी!’

‘नको.’

मग एकेक आवाज सुरू झाले. आमच्यात एक रिक्षावाला होता, तो म्हणाला, ‘मास्तरांना मागे बसून हुकूम सोडायची चटक लागलीय.’ कोणीतरी हसलं. दुसरा म्हणाला, ‘पुढं आल्यावर लागतं ना, म्हणून.’ कप्तान चिडला होता, तीन रविवारचं चिडणं होतं. तो म्हणाला, ‘मास्तर, स्पष्ट सांगू का? आम्ही तुमच्यासाठी मरतो आणि तुम्ही खडकामागे लपता. घाबरटपणा आहे हा.’

मास्तर काही बोलले नाहीत. ते गप्प बसायचे तेव्हा ते पूर्ण गप्प बसायचे, श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही.

मी बोललो. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

‘घाबरट कोणाला म्हणताय? त्या माणसाचा हात थरथरतो. त्याला चहाचा कप धरता येत नाही. ज्या हातानं बावीस वर्षं लोकांच्या तोंडात हसू बसवलं, तो हात आता त्याचं ऐकत नाही. कॅरिअर हौस म्हणून नाही घेतलेलं. तेवढंच चालवता येतं म्हणून घेतलंय. आणि तरी दर रविवारी तो बाराचे बारा ड्रोन घरी आणतो. तुमच्यापैकी कोणी आजवर एक तरी आणलाय?’

शेवटच्या वाक्याआधी मी थांबलो होतो. परिणाम व्हावा म्हणून.

परिणाम झाला. मग मास्तरांचा आवाज आला. नेहमीसारखाच.

‘ड्रोन बाहेर आहेत. आत घेतो.’

आम्ही सगळे पडद्यावर बघत राहिलो. एक एक ड्रोन खडकांमधून परत आला आणि जहाजाच्या पोटात गेला. बारा. मग मास्तरांच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

कप्ताननं मला वेगळा निरोप पाठवला. ‘लाज वाटली यार. बरं झालं बोललास.’ रिक्षावाल्यानं लिहिलं, ‘एमए, डोळ्यात पाणी आणलंस.’ त्या दुपारी मला असे सात निरोप आले. मी ते दोनदा वाचले. खाली जाऊन मास्तरांना भेटावं असं वाटलं. गेलो. काकू म्हणाल्या, ‘झोपलेत.’ मला तेही खरं वाटलं. एवढं ओझं उतरल्यावर माणसाला झोप लागणारच, असं मी मनाशी म्हणालो. हे वाक्यही मला आठवतं.

बुधवारी काकू जिन्यात भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती. त्या एक पायरी वर चढल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

‘तू सांगितलंस?’

‘काय काकू?’

‘हाताचं. त्यांना प्लॅस्टरच्या खोलीत बसवलंय कालपासून, साचे ओतायला.’

मला काही कळेना. ‘पण लॅबमध्ये कोणी... काकू, मी फक्त आमच्या गटात बोललो. त्यांना नाही नाही ते बोलत होते. मी त्यांची बाजू घेतली.’

‘त्यांनी मागितली होती का?’

काकूंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

‘ती ताई आहे ना तुमच्यात. ठिणगी का काय. तिनं ऐकलं.’

तेव्हा मला जिना आठवला. कानातला फोन आठवला.

गुरुवारी दुपारी तीनला मी लॅबमध्ये गेलो. पत्ता लॅबच्या डब्यांवर असायचा, मास्तरांकडे पाहिलेला. दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली. भिंतीला लागून टेबलं, प्रत्येकावर वाकडी मान करून उभा दिवा. हवेत जळल्याचा आणि मेणाचा वास. खिडकीजवळच्या टेबलावर तिशीची एक बाई बसली होती. बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. मी ‘मास्तर आहेत का?’ एवढंच म्हणालो आणि तिनं आवाजावरून ओळखलं.

‘तुम्ही एमए.’

‘ताई, तुम्ही बाईंना का सांगितलंत?’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘म्हणजे? सगळ्यांसमोर तुम्ही सांगितलंत. मला वाटलं मास्तरांनीच सांगायला लावलं असेल. स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं म्हणून तुमच्याकडून. मी सोमवारी बाईंना एवढंच म्हटलं, दुपारची कामं मला द्या, मास्तरांना त्रास होतो. बाईंनाही ठाऊक असेल असं वाटलं मला.’ तिनं ब्रश खाली ठेवला. ‘मास्तर तेव्हा दारात उभे होते.’

मी तिची चूक शोधायला आलो होतो.

मालकीणबाई काचेच्या छोट्या केबिनमध्ये होत्या. साठीच्या, चष्मा साखळीला. मी आत गेलो. काय बोलायचं ते मी ठरवून आलो नव्हतो, असं मला लिहायला आवडलं असतं. मी रात्रभर ठरवून आलो होतो.

‘बाई, मी मास्तरांचा शेजारी. त्यांच्या हाताचं जे तुमच्या कानावर आलं ते खरं नाही. खेळात भांडण झालं होतं. मी रागाच्या भरात रचून बोललो. वाढवून. त्यांना काही झालेलं नाही.’

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं होतं त्या संशयानं बघतील. तसं झालं नाही. त्यांचा चेहरा उजळला. मी माणसाचा चेहरा इतक्या लवकर उजळलेला पाहिला नव्हता.

‘खरं सांगतोस? अरे, दोन दिवस माझं कामात चित्त नाही. हा माणूस मला काही बोलेचना. नुसतं बरं म्हणाला आणि प्लॅस्टरला जाऊन बसला.’ त्या उठल्याच. ‘चल.’

‘कुठे?’

‘चल तर.’

प्लॅस्टरची खोली मागच्या बाजूला होती. खिडकी नव्हती. मास्तर एप्रन घालून उभे होते, कोपरापर्यंत पांढरे. एका रबरी वाटीत त्यांनी नुकतंच प्लॅस्टर कालवलं होतं आणि समोर दातांच्या मापांचे आठ-दहा साचे मांडले होते. त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुळ्याकडे नाही, डोळ्यांकडे.

‘मास्तर,’ बाई म्हणाल्या, ‘हा म्हणतोय सगळं खोटं आहे. मग तुम्ही बोलायचं नाही का? मी तुम्हाला इथं बसवते आणि तुम्ही बसता? ताई, मास्तरांचा ब्रश आण गं. आणि ती उद्याची केस आण, समोरचा दात. मास्तर, एक थर लावून दाखवा. मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागते.’

ताई ब्रश घेऊन आली. धातूकामवाले दोघं दारात येऊन उभे राहिले. सगळे हसत होते. सगळ्यांना ते खोटंच हवं होतं.

भिंतीवर घड्याळ होतं. तीन वाजून वीस मिनिटं.

मास्तरांनी ब्रश घेतला नाही. हात एप्रनला पुसले, पुसताना एप्रन फडफडलं. मग त्यांनी उजवा हात बाईंच्या समोर, छातीच्या उंचीवर धरला. नुसता धरला. बोटांवरचं वाळलेलं प्लॅस्टर झडून खाली पडू लागलं.

‘हा खोटं बोलतोय, बाई,’ मास्तर म्हणाले. ‘हात गेलाय. दीड वर्ष झालं. मी तुमच्यापासून लपवलं. तुमच्याकडे मी स्वतः येणार होतो, ताईला तयार करून. ते राहिलं.’

बाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या हातांसकट तो हलत होता.

‘अहो, मला सांगायचं ना,’ त्या म्हणाल्या.

‘आता सांगितलं.’

ताईनं तोंड फिरवलं. दारातले दोघं निघून गेले. मी तिथंच होतो. बाई माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मगाशी जे उजळलं होतं ते गेलं होतं, एवढंच. ते मी दिलं होतं आणि मीच नेलं होतं, पाच मिनिटांत.

‘मास्तर,’ मी म्हणालो, ‘मला वाटलं...’

‘तू जा घरी,’ ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ‘माझ्या वतीनं दोनदा बोललास. आता नको.’

ते टेबलाकडे वळले. वाटीतलं प्लॅस्टर एव्हाना घट्ट झालं होतं. मास्तरांनी वाटी उलटी करून दाबली, पांढरा गोळा बादलीत पडला. ताई पुढे झाली तसं त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग त्यांनी डबा ओढून घेतला आणि वाटीत नवी पूड घातली. थोडी बाहेर सांडली. पाणी ओतलं, तेही सांडलं. ते कालवू लागले.

मी जिना उतरलो.